सबमर्सिबल म्हणजे फक्त बोअरची मोटर नाही: हौदात पाणबुडी उतरवायची सविस्तर पद्धत

आमच्याकडं सबमर्सिबल म्हटलं की एकच अर्थ, बोअरमधली मोटर. माझं दारव्हा-दिग्रस रोडवर मोटर वायंडिंगचं दुकान आहे, दिवसभर जळलेल्या मोटरीच येतात. गेल्या दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि झेडपी शाळेतले चार पोट्टे दुकानात आले, म्हणाले, "काका, मानसं बसून समुद्राच्या बुडाले जाते ते सबमर्सिबल बनवाचं हाय आमाले, परदर्शनात ठेवाचं हाय." गावातल्या एकानंही समुद्र बघितलेला नाही म्हटलं तरी चालेल, पण पोट्ट्यांनी मोबाईलवर मत्स्य ६०००, म्हणजे आपल्या देशात बनत असलेलं तसलंच सबमर्सिबल, बघितलं होतं आणि त्यांचे प्रश्न इतके नेमके होते की मी हातातली मोटर बाजूला ठेवली. पुढचे दोन महिने आम्ही तेच केलं. बनलं, तालुक्याच्या प्रदर्शनात नेलं, आणि त्यातून जे शिकलो ते सगळं इथं लिहितोय म्हणजे दुसऱ्या गावातल्या पोट्ट्यांना किंवा सरांना करायचं असेल तर सुरुवातीपासून डोकं खाजवायला नको.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. हे मॉडेल आहे, एक लिटरच्या बरणीचं. ह्यात माणूस बसवायचा नाही, आणि "मोठ्या ड्रमचं करून मीच उतरतो विहिरीत" असं कोणी म्हणत असेल तर त्याला तिथंच थांबवा. साधा हिशोब आहे, पाण्यात दर १० मीटरला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १ किलोचा दाब वाढतो. २०० लिटरच्या ड्रमचं तोंड साधारण ५८ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे २६४० चौरस सेंटीमीटर. १० मीटर खाली नुसत्या त्या झाकणावर २६ क्विंटल वजन बसतं. २६ क्विंटल कापूस किती असतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि समुद्रात मत्स्य ६००० जिथं जाणार आहे तिथं, ६००० मीटरवर, हाच दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे ६०० किलो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर ६ क्विंटल.

खरं यंत्र काय असतं ते आधी थोडं

नेव्हीची मोठी पाणबुडी वेगळी आणि हे वेगळं. नेव्हीची पाणबुडी महिनोन्महिने स्वतःच्या भरवशावर फिरते पण काही शे मीटरच्या खाली जात नाही. सबमर्सिबल लहान असतं, दोन-तीन माणसं बसतात, जहाजावरून क्रेननं पाण्यात सोडतात आणि संध्याकाळी परत उचलून घेतात. अमेरिकेचं अल्विन १९६४ पासून चालू आहे, त्यात एक पायलट आणि दोन शास्त्रज्ञ बसतात, १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ अडीच हजार मीटर खाली गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाशिवाय जगणारे जीव सापडले ते त्याच अल्विनमधून. जपानचं शिंकाई ६५००, फ्रान्सचं नॉटिल, चीनचं फेंदोउझे, जे २०२० मध्ये १०,९०९ मीटरवर तळाला टेकलं. आपलं मत्स्य ६००० चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था बनवतेय, तीन माणसांसाठी. माणसं बसायचा गोळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, सुमारे २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाड. त्याचं वेल्डिंग इस्रोच्या मदतीनं इलेक्ट्रॉन बीमनं होतंय. आमच्या चौघांतल्या एका पोट्ट्याचा मोठा भाऊ आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे, त्याला हे सांगितलं तेव्हापासून तो रोज संध्याकाळी आमच्यात यायला लागला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आपली दोन माणसं सरावासाठी फ्रान्सच्या नॉटिलमधून अटलांटिकमध्ये उतरली. राजू रमेश ४०२५ मीटर आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग ५००२ मीटर.

सामान

जाड प्लास्टिकची पारदर्शक, रुंद तोंडाची, आट्याच्या झाकणाची एक लिटरची बरणी. झाकणात बसेल अशी रबरी रिंग, मोटरच्या दुकानात ओ-रिंग म्हणून मिळते. अर्धा इंची पीव्हीसी पाइप दोन-तीन फूट, टी आणि एल्बो. ८ एमएमचा दोन इंची साधा लोखंडी बोल्ट, स्टेनलेसचा नको, त्याला चुंबक नीट धरत नाही. ३० गेजची वायंडिंगची तार. पांढरे एलईडी चार. टॉर्चचे मोठे सेल चार. एम-सील, ग्रीस, नायलॉन दोरी, २०० ग्रॅमची सपाट लोखंडी पट्टी, आतल्या वजनासाठी नट-बोल्ट. मोबाईलला लावायचा लांब वायरवाला बारीक कॅमेरा मिळतो, पाइपात बघायचा, तो मिळाला तर उत्तम. भोकाच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचं एक पाकीट. आणि कुंकू. ह्या शेवटच्या दोन गोष्टी कशाला ते पुढं येईल.

घरच्या लाइटची वायर ह्या कामात कुठंही येता कामा नये. चार्जर नाही, अडॅप्टर नाही, एक्स्टेन्शन बोर्ड नाही, फक्त सेल. ओल्या हाताची पोरं आणि २३० व्होल्ट एका जागी नको.

पहिले वर यायचं बघा

आमचे बाबा विहिरीत मोटर काढायला उतरायचे तेव्हा आधी खाली वाकून बघायचे नाहीत. आधी वर बघायचे. दोर कुठं बांधलाय, चाकाचा आस ठीक आहे का, वर दोर धरायला कोण उभा आहे, तो जेवून आलाय की उपाशी आहे. मग खाली. सबमर्सिबलबद्दल जितकं वाचत गेलो तितकं मला हेच दिसलं. बनवणारे खाली कसं जायचं ह्याचा विचार नंतर करतात, आधी सगळं बंद पडलं, बॅटरी गेली, माणूस बेशुद्ध पडला, तरी ते आपोआप वर कसं येईल ते ठरवतात. म्हणून मॉडेलचं कामही तिथूनच सुरू करा, बरणी सजवण्यापासून नको.

मला सगळ्यात आवडलेला जुना उपाय ट्रिएस्ट नावाच्या यानाचा. २३ जानेवारी १९६० ला जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघं ह्यात बसून चॅलेंजर डीपला, जगातल्या सगळ्यात खोल जागी, जवळपास ११ किलोमीटर खाली गेले. त्यात वजन म्हणून लोखंडाचे छर्रे भरले होते आणि ते विद्युत चुंबकानं धरून ठेवले होते. वर यायचं तर करंट बंद करायचा, छर्रे खाली गळतात. करंट आपोआप गेला तरीही गळतात. लाइट गेली की माणूस अडकत नाही, लाइट गेली की माणूस सुटतो. आमच्या भागात लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला ह्याची किंमत लवकर कळते.

हे आपल्याला करता येतं. बोल्टवर ३० गेजची तार साधारण ४०० फेरे गुंडाळा, फेरे एकाच दिशेनं, दाबून. दोन्ही टोकं सँडपेपरनं घासून त्याला लांब दुपदरी वायर जोडा आणि जोडावर एम-सील लावा. वायरचं दुसरं टोक हौदाच्या काठावर, दोन मोठे सेल आणि एक बटण. बोल्टचं डोकं खाली येईल असं चुंबक पीव्हीसीच्या चौकटीला बरणीच्या बुडाखाली बसवा. बटण दाबलं की २०० ग्रॅमची पट्टी चिकटली पाहिजे.

इथं आमचे दोन दिवस गेले. बटण बंद केलं तरी पट्टी सुटेना. लोखंडाला लोखंड घट्ट भिडलं की करंट गेल्यावरही थोडं चुंबकत्व मागं राहतं आणि तेवढ्यानंही हलकी पट्टी लटकून राहते. उपाय सोपा आहे, बोल्टच्या डोक्यावर सेलो टेपचा एक थर चिकटवा. तेवढी फट पुरते. पट्टीला एक वेगळा बारीक दोरा बांधून तो काठावर ठेवा म्हणजे पडलेली पट्टी परत ओढून घेता येईल, पण दोरा ढिला असू द्या.

आता दुसरा उपाय, कारण एका उपायावर कोणी माणसाचा जीव ठेवत नाही. २०१२ मध्ये सिनेमावाला जेम्स कॅमेरून एकटाच चॅलेंजर डीपला गेला त्या यानात वजनं सोडायची एक शेवटची सोय होती, खाऱ्या पाण्यात ठराविक वेळात गंजून तुटणारी जोडणी. कोणी काहीच केलं नाही तरी समुद्रच ती तोडणार. आपल्या गोड्या पाण्यात गंजायला दिवस लागतील, म्हणून भोकाची पेपरमिंटची गोळी. गोळीच्या भोकातून एक दोरा वर चौकटीला, दुसरा दोरा खाली जादा वजनाला. गोळी विरघळली की वजन गेलं. आधी ग्लासात एक गोळी लटकवून घड्याळ लावून बघा किती वेळ लागतो, थंडीत आणि उन्हाळ्यात फरक पडतो. पोट्ट्यांनी एकूण अकरा गोळ्या ह्या तपासणीत लावल्या आणि प्रत्येकीची वेळ वहीत लिहिली, मला त्या वहीचा फार आनंद झाला.

गोळाच का

प्रदर्शनात परीक्षक हे विचारतातच, म्हणून करून दाखवा. कच्चं अंडं पूर्ण मुठीत धरून सगळीकडून सारखं दाबा, फुटत नाही (बोटात अंगठी नको). तेच एका बोटाच्या टोकानं दाबलं की गेलं. पाण्याचा दाब सगळीकडून सारखा येतो आणि गोल आकार तो सगळीकडं सारखा वाटून घेतो, डब्याला सपाट बाजू असतात, त्या आत दबतात.

दुसरा प्रयोग मोठ्या माणसानं, कठडा असलेल्या विहिरीवर करायचा, पोरं मागं उभी. पाण्याची मोकळी एक लिटरची बाटली झाकण घट्ट लावून दोन किलोच्या काळ्या दगडाला बांधा आणि दोरीनं सोडा. दोरीला मीटर-मीटरवर गाठी. पावसाळ्यानंतर विहीर भरलेली असते तेव्हा १० मीटर सोडता आली तर आतल्या हवेवर दुप्पट दाब येतो, हवा निम्म्या जागेत मावते, बाटली चिपळून जाते आणि वर आणली की पुन्हा बरीचशी फुगते. वाचून जे कळत नाही ते पोरांना एका मिनिटात कळतं.

२०२३ च्या जूनमध्ये बुडालेलं टायटॅनिक जहाज बघायला गेलेलं टायटन नावाचं सबमर्सिबल आत दबून फुटलं, पाच माणसं गेली. त्याचं मधलं अंग कार्बन फायबरचं आणि नळकांड्याच्या आकाराचं होतं, आणि कुठल्याही तपासणी संस्थेकडून ते प्रमाणित करून घेतलेलं नव्हतं. डीएनव्ही, एबीएस अशा संस्था हेच काम करतात, डिझाईनपासून वेल्डिंगपर्यंत प्रत्येक गोष्ट तपासून मगच कागद देतात. माणसं बसणाऱ्या यंत्रात ही तपासणी टाळणं मला तरी माफ करण्यासारखं वाटत नाही.

आपली बरणी गोल नाही, नळकांडं आहे, पण दोन-तीन मीटरला जाड प्लास्टिकची बरणी टिकते. परीक्षकाला हे स्वतःहून सांगा.

मोटरवाल्याला जे लगेच कळतं

बोअरची मोटर शंभर-दोनशे फूट पाण्याखाली वर्षानुवर्षं चालते तरी तिचं पत्र्याचं अंग दबत का नाही? कारण आत पाणी किंवा तेल भरलेलं असतं, आणि बुडाला एक रबरी डायफ्राम असतो. बाहेरचा दाब वाढला की रबर आत ढकललं जातं, आतला दाबही तेवढाच होतो. दोन्ही बाजूला सारखं, मग दबणार काय. खोल समुद्रातल्या सबमर्सिबलमध्येही बऱ्याच मोटरी आणि बॅटरीचे बॉक्स असेच तेलात बुडवलेले असतात, बाहेरच बसवलेले, त्यांना जाड कवच लागत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी दुकानातल्या जुन्या मोटरीचं बूड उघडून पोट्ट्यांना तो डायफ्राम हातात दिला. ते म्हणाले मग माणसं बसतात तो गोळाही तेलानं भरा ना! माणसाला फुप्फुसं आहेत, आपल्याला आत हवा लागते, तीही जमिनीवरच्याच दाबाची, म्हणून सगळ्या यंत्रात फक्त माणसाची खोलीच तेवढी जाड करावी लागते. तुमच्या मॉडेलशेजारी एक जुना डायफ्राम ठेवा, कुठल्याही वायंडिंगच्या दुकानात फुकट मिळेल.

तरंगायला खरे सबमर्सिबल वापरतात तो फोमही वेगळाच, बारीक पोकळ काचेचे गोळे राळेत घट्ट बसवलेले. साधा थर्माकोल खाली नेला तर आकसतो. समुद्रावर काम करणारे लोक थर्माकोलचे कप मुद्दाम खाली पाठवतात आणि ते शिवणाच्या टोपणाएवढे होऊन वर येतात.

वजनाचा हिशोब, इथं घाई करू नका

नव्वद टक्के मॉडेल इथं बिघडतात, एकतर दगडासारखं बुडतं नाहीतर कितीही वजन लावा तरंगतंच. डोळ्यांनी अंदाज करू नका, किराणा दुकानातला काटा आणा.

चौकट, चुंबक, झाकण सगळं लावलेली बरणी तयार ठेवा, फक्त सोडायची पट्टी लावू नका. एक बादली परातीत ठेवून काठोकाठ भरा. मॉडेल पूर्ण बुडेल इतकं सळईनं दाबा. परातीत सांडलेलं पाणी मोजा. समजा १४०० ग्रॅम भरलं. म्हणजे मॉडेलचं एकूण वजन १४०० ग्रॅम झालं की ते ना बुडणार ना तरंगणार.

आता बरणीच्या आत नट-बोल्ट टाकून एकूण वजन १२७५ करा. १२५ ग्रॅमनं हलकं, म्हणजे तरंगणार. त्याला खालून २०० ग्रॅमची लोखंडी पट्टी. पण लोखंड पाण्यात आपलं साधारण आठवा भाग वजन गमावतं, २०० ची पट्टी पाण्यात १७५ च भरते. १७५ वजा १२५, ५० ग्रॅमनं जड, हळूहळू बुडणार. पट्टी सुटली की पुन्हा १२५ नं हलकं, वर येणार. पेपरमिंटचा प्रयोग वेगळ्या दिवशी करा, त्या दिवशी चुंबकाच्या पट्टीच्या जागी गोळीवरची पट्टी लावा, नाहीतर दोन्ही वजनांचा हिशोब गुंततो. दोन्ही एकदम लावायची असतील तर १०० आणि १०० असं वाटा, मात्र मग एकच सुटून मॉडेल वर येतंय ना ते आकडा मांडून बघा (इथं येतं, ५० वजा ८७, ३७ ग्रॅमनं हलकं).

आतलं सगळं वजन बरणीच्या बुडाशी एम-सीलनं चिकटवून टाका, सुटं ठेवलं तर एका बाजूला सरकून मॉडेल आडवं होतं. वर झाकणाच्या बाजूला हलकं, खाली जड.

खरे पायलटही हेच करतात. अल्विन खाली जाताना लोखंडी वजनं घेऊन जातं, मिनिटाला साधारण ३० मीटर, तळ जवळ आला की काही वजनं सोडून देतं म्हणजे ना वर ना खाली असं स्थिर होतं, आणि काम झाल्यावर उरलेली सोडून वर येतं. ही वजनं तळाशीच राहतात. आणखी एक, समुद्राचं पाणी खारं म्हणून जड, लिटरला १०२५ ग्रॅमच्या आसपास. तुमचं मॉडेल हौदात बरोबर बुडत असेल तर बादलीत भरपूर मीठ विरघळवून त्यात सोडून बघा, तरंगून राहील.

झाकण आणि भोकं

पाणी भोकातूनच येतं, म्हणून जितकी कमी भोकं तितकं बरं. एलईडी आत ठेवायचेच नाहीत, बाहेर चौकटीवर बसवा, जोडांना एम-सील, वायर चुंबकाच्या वायरीबरोबर काठावर, त्यांना वेगळे दोन सेल. आत लावले तर उजेड बरणीवरच उलटा फेकला जातो आणि कॅमेऱ्यात पांढरं दिसतं. बाहेरही कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नको, वीतभर तरी लांब, नाहीतर धुक्यात गाडीचा मोठा लाइट लावल्यावर होतं तसं पाण्यातल्या गाळाचे कणच चमकतात.

म्हणजे झाकणाला एकच भोक उरलं, कॅमेऱ्याच्या वायरीचं. वायरीला बसेल तेवढंच पाडा, दोन्ही बाजूनं एम-सील, एक रात्र वाळू द्या. ओ-रिंगला ग्रीसचा अगदी पातळ हात.

आमचं पहिलं मॉडेल दोन मिनिटांत भरलं. पुन्हा ग्रीस, पुन्हा घट्ट, पुन्हा पाणी. शेवटी भिंग घेऊन रिंग बघितली तर ग्रीसमध्ये कापसाचा एक तंतू आडवा चिकटलेला. दुकानाशेजारीच वेचलेल्या कापसाचा ढीग होता, दिवसभर रुई उडत होती. एका तंतूच्या जाडीएवढी वाट पाण्याला पुरते. झाकण नेहमी बंद खोलीत लावा, पंखा बंद करून, आणि रिंग आधी बोटानं फिरवून बघा.

समुद्रातल्या गोळ्याच्या खिडक्याही बघण्यासारख्या असतात. जाड अक्रिलिकच्या, शंकूसारख्या, बाहेरून रुंद आणि आतून अरुंद. दाब वाढतो तशी खिडकी आपल्या जागेत आणखी घट्ट बसत जाते. १० सेंटीमीटरच्या खिडकीवर ६००० मीटरला सुमारे ४७ टन येतात, तो भार असा उपयोगाला लावलाय. बुचासारखी कल्पना आहे, फक्त समुद्र ठोकतोय.

रिकामी बुडवा, कुंकू घालून

कॅमेरा घालण्याआधी वायरीच्या भोकात तशाच वायरीचा जुना तुकडा बसवून बरणी रिकामी उतरवायची. आत एक पांढरा टिश्यू पेपर ठेवा आणि त्यावर चिमूटभर कुंकू भुरभुरवा. एक थेंब जरी आत आला तरी लाल डाग पसरतो, लांबूनही दिसतो. जितक्या खोल जायचं ठरलंय त्यापेक्षा जास्त खोल आणि जास्त वेळ ठेवा, आम्ही रात्रभर ठेवली.

१९३० च्या आसपास विल्यम बीबी आणि ओटिस बार्टन हे बर्म्युडाजवळ लोखंडी गोळ्यात बसून तारेवर लटकत खाली जायचे. १९३२ मध्ये त्यांनी गोळा रिकामाच खाली पाठवला, वर आला तो पाण्यानं भरलेला, आणि आत दाब इतका की पेच ढिला करताच बोल्ट गोळीसारखा डेकवरून उडाला. त्या दिवशी आत माणूस असता तर? ही रिकामी चाचणी करणारेच ते दोघं १९३४ मध्ये ९२३ मीटरला जाऊन जिवंत परत आले.

आतली हवा

मॉडेलमध्ये श्वास घेणारं कोणी नाही, पण हा भाग टाळू नका, माणसाच्या सबमर्सिबलची अर्धी गोष्ट हीच आहे. गावात जुन्या बंद विहिरीत उतरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण ऐकतो. तिथं काय होतं ते गोळ्यातही होऊ शकतं.

बहुतेकांना वाटतं ऑक्सिजन संपतो म्हणून गुदमरतं. त्याआधी सोडलेला कार्बन डायऑक्साइडच त्रास देतो. माणूस शांत बसला तरी तासाला साधारण २० लिटर सोडतो. तिघांचे ६०. गोळ्यात सगळं सामान धरून चार हजार लिटर हवा आहे असं माना, तर पाऊण तासाच्या आत त्याचं प्रमाण एक टक्क्यावर जातं, पुढं डोकं दुखायला लागतं, विचार चालेनासा होतो. म्हणून बाटलीतून थोडा थोडा ऑक्सिजन सोडतात आणि दुसरीकडं हवा सोडा लाइम किंवा लिथियम हायड्रॉक्साइडमधून फिरवतात, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. बीबी-बार्टनच्या गोळ्यात सोडा लाइमच्या थाळ्या होत्या आणि हवा फिरवायला हातात ताडाच्या पानांचे पंखे! मत्स्य ६००० मध्ये नेहमीच्या कामाचे १२ तास आणि अडचणीत ९६ तासांची सोय धरलेली आहे.

दाखवायला पानठेल्यावरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची निवळी कापडातून गाळून घ्या, त्यात स्ट्रॉनं फुंका. पांढरं होतं. आपल्या श्वासातलं चुन्यानं पकडलं. फुंकायचं फक्त, ओढायचं नाही, आणि डोळ्याला चष्मा लावा, चुना डोळ्यात गेला तर वाईट.

कुठं उतरवायचं

शेततळ्यात नको. प्लास्टिकचं अस्तर असलेलं शेततळं पोरांसाठी विहिरीपेक्षा घातक आहे, ओल्या प्लास्टिकवर पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. आधी २०० लिटरच्या ड्रममध्ये, मग ढोरांच्या हौदात किंवा शाळेच्या उघड्या टाक्यात, सोबत दोन मोठी माणसं. कॅमेऱ्यात नीट दिसायला पाणीही दोन दिवस स्थिर राहिलेलं हवं. मॉडेलला एक नायलॉनचा दोर कायम बांधलेला असू द्या, ढिला.

माणसं ठरवून द्या. एक चुंबकाच्या बटणावर, एक दोरावर, एक मोबाईलवर, एक वही घेऊन. बटणवाला दुसरं काहीही करणार नाही. उतरवण्याआधी मोठ्यानं वाचून घ्या: रिंग बघितली, झाकण लावलं, पट्टी धरली, लाइट लागला, दोर बांधला. तोंडपाठ असलं तरी वाचूनच.

सगळ्यात जास्त गडबड पाण्यात सोडताना आणि बाहेर काढताना होते, समुद्रातही तसंच. १९६८ मध्ये अल्विन जहाजावरून सोडताना तारा तुटल्या, तिघं कसेबसे बाहेर आले आणि उघड्या झाकणानं अल्विन दीड हजार मीटर खाली गेलं. पुढच्या वर्षी वर काढलं तेव्हा आत राहिलेले सँडविच भिजलेले पण जवळपास न सडलेले निघाले. १९७३ मध्ये आयर्लंडजवळ पायसिस ३ नावाचं सबमर्सिबल काम संपवून वर आलं होतं, टो करायच्या दोरानं मागच्या भागाचं झाकण निखळलं, पाणी भरलं आणि दोन माणसांसकट ते पावणेपाचशे मीटर खाली गेलं. तीन दिवसांहून जास्त वेळ दोघं अंधारात, थंडीत, कमीत कमी हालचाल करत बसले आणि दुसऱ्या यंत्रांनी दोर अडकवून त्यांना जिवंत वर आणलं.

खाली गेल्यावर बोलायचं कसं, तर रेडिओ खाऱ्या पाण्यात चालत नाही, आवाजानंच बोलावं लागतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, ६००० मीटरवरून "ठीक आहे" वर पोचायला ४ सेकंद. हौदात एकानं पाण्याखाली दोन दगड वाजवायचे आणि दुसऱ्यानं कान बुडवून ऐकायचं, किती स्पष्ट ऐकू येतं ते बघून पोरं दंग होतात.

आता सोडा. मॉडेल सावकाश खाली जाईल, तळाशी टेकेल, मोबाईलवर शेवाळ, एखादा किडा दिसेल. दोन मिनिटं थांबा. मग बटण सोडायचं नाही, काठावरची वायरच सेलवरून ओढून काढा, सगळ्यांसमोर. खाली बारीक टक्क होतं, आणि बरणी वर निघते. आमच्या शाळेत हे झालं तेव्हा मागं उभी असलेली एक आजी म्हणाली, "लाइन गेली अन् वर आली वं माय!" परीक्षकांना आम्ही पुढं हेच वाक्य सांगितलं.

वर आली नाही तर घाबरू नका, दोरानं ओढून घ्या आणि तीन गोष्टी बघा: टेप निघाला का, बरणीत पाणी गेलं का, चौकटीच्या पाइपात हवा होती तिथं पाणी भरलं का. हा शेवटचा दोष बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाइपची टोकं नीट बंद नसली की पहिल्या डुबकीला तो तरंगतो आणि तिसऱ्या डुबकीला जड होतो, म्हणून एकतर पाइपला भोकं पाडून पाणी मुद्दाम भरू द्या किंवा टोकं सोल्युशन लावून पक्की बंद करा, आणि वजनाचा हिशोब त्यानंतर पुन्हा करा.

बाहेर काढल्यावर झाकण उघडण्याआधी बाहेरून पूर्ण पुसून घ्या, नाहीतर झाकणावरचा थेंब आत पडतो आणि गळती झाली असं उगीच वाटतं. मग उघडा, कुंकवाचा कागद बघा, कोरडा की ओला ते खोली आणि वेळेसकट वहीत लिहा. रिंग काढून पुसा, डबीत ठेवा, झाकण ढिलंच ठेवा. सेल काढून ठेवा.

पुढच्या खेपेला नवीन कागद.